पत्ता माझा, पोस्टमन भाड्याचा

१६ वर्षं माझं सगळं काम एकाच जीमेलवर चाललं. काम म्हणजे कागदपत्रांचं भाषांतर: खरेदीखतं, मृत्युपत्रं, फेरफार, परदेशी निघालेल्या मुलांचे जन्मदाखले. नाशिकला घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक प्रिंटर आणि मी. गेल्या वर्षी एका आजोबांनी मृत्युपत्राचा मसुदा पाठवायच्या आधी फोन केला. "ताई, हे मेलवर टाकलं तर तुमच्याशिवाय आणखी कोण वाचतं?" मी "कोणी नाही हो" म्हणून मोकळी झाले आणि फोन ठेवल्यावर वाटलं, हे आपण कशाच्या जोरावर सांगितलं?

जाहिराती ठरवण्यासाठी जीमेलमधला मजकूर चाळणं थांबवत असल्याचं गूगलने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं, हे खरं. पण किल्ली त्यांच्याच खिशात. शिवाय पत्ताही त्यांचाच. उद्या काही कारणाने खातं बंद झालं तर १६ वर्षांची गिऱ्हाईकं कुठे शोधू? म्हणून दोन्ही एकदमच करायचं ठरवलं: स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव, घ्यायचं आणि टपाल प्रोटॉन मेलकडे द्यायचं.

प्रोटॉन स्वित्झर्लंडचं. जीनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ही सेवा लोकांसाठी खुली केली. मेल त्यांच्या सर्व्हरवर कुलूपबंद असतं आणि ते माझ्या पासवर्डाने उघडतं, त्यामुळे साठवलेला मजकूर त्यांनाही वाचता येत नाही. विषयाची ओळ मात्र या कुलपात येत नाही. हे कळल्यापासून 'अमुक यांचं मृत्युपत्र' असं विषयात लिहिणं सोडलं. आता नुसता काम क्रमांक. फुकट खात्याला स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, त्यासाठी मेल प्लस घ्यावं लागतं. त्यात १५ जीबी जागा, १० पत्ते आणि १ डोमेन. वर्षाचे पैसे एकदम भरले की महिन्याला साधारण ४ डॉलर पडतात. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून घ्या, नाहीतर पैसे भरताना अडकाल.

डोमेन मला खरं तर देवनागरीतलं हवं होतं, शेवटी डॉट भारत असलेलं. भाषांतर करणाऱ्या बाईची पाटी मराठीत नको का? पण दोन-तीन ऑनलाइन अर्जांत देवनागरी पत्ता टाकून पाहिला, तर रकाना लाल झाला. हौस आवरली आणि निमूटपणे डॉट इन घेतलं.

आता जोडणी. प्रोटॉनच्या सेटिंगमध्ये डोमेनचं नाव टाकलं की एकामागून एक पायऱ्या येतात. प्रत्येक पायरीवर एक ओळ मिळते. ती उचलायची आणि डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीच्या डीएनएस नावाच्या तक्त्यात चिकटवायची. नावं ऐकून छातीत धडकी भरते: टीएक्सटी, एमएक्स, एसपीएफ, डीकिम, डीमार्क. मी ती माझ्या भाषेत लावून घेतली. पहिली टीएक्सटीची ओळ म्हणजे सातबारा, डोमेन माझंच आहे याचा पुरावा. एमएक्स म्हणजे माझं टपाल कुठे पोचवायचं ते. यात दोन ओळी, एकीचा प्राधान्याचा आकडा १० आणि दुसरीचा २०, म्हणजे पहिलं दार बंद असेल तर दुसरं. एसपीएफ हे कुलमुखत्यारपत्र: माझ्या नावाने पत्र धाडायचा अधिकार कुणाला, ते. डीकिम म्हणजे सही-शिक्का, प्रत्येक मेलवर आपोआप उमटणारा. त्यासाठी सीनेम प्रकारच्या तीन ओळी. आणि सही जुळली नाही तर समोरच्याने त्या कागदाचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. एवढं लावून घेतल्यावर ते आमच्या दुय्यम निबंधक कार्यालयापेक्षा सोपं निघालं. रांग नाही, एवढंच.

तरी संध्याकाळचं काम रात्री साडेअकराला संपलं, आणि ते माझ्या व डोमेनवाल्या कंपनीच्या तक्त्याच्या संगनमताने. सातबारा लगेच मंजूर झाला, डीकिम मात्र होईना. तासाभराने पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, नावाच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिलंस ना? तो तक्ता मागे डोमेन आपलं आपण जोडतो. तुझं आता दोनदा झालंय." बघते तर खरंच, आडनाव दोनदा लागलेल्या लग्नपत्रिकेसारखं. पुढचा घोळ: मेल कधी यायचं, कधी गायब व्हायचं. डोमेनसोबत फुकट मिळालेल्या टपालसेवेच्या जुन्या एमएक्स ओळी तक्त्यात तशाच होत्या, म्हणजे एका घराला दोन पोस्टमन. त्या पुसल्या. तिथेच एक जुनं एसपीएफही बसलं होतं. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. तीही पुसली आणि झोपले. सकाळी सगळ्या पायऱ्या हिरव्या.

जुन्या जीमेलला एक मेल पाठवून तिथे 'शो ओरिजिनल' उघडून पाहा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे 'पास' दिसलं की जोडणी पक्की. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल या बाबतीत कडक झालं आहे, त्यामुळे हे अर्धवट सोडलंत तर तुमची बिलं लोकांच्या स्पॅममध्ये जातील. जुनी मेलं आणायला प्रोटॉनमध्ये सोय आहे. रात्री लावून दिलं, तिकडे फार बघावं लागलं नाही.

रोजच्या वापरात एक फरक ठाऊक असावा. मला थंडरबर्ड या संगणकावरच्या मेल प्रोग्रॅमची सवय. इथलं कुलूप तसं थेट उघडत नाही, मधे ब्रिज नावाचा प्रोग्रॅम संगणकावर चालू ठेवावा लागतो. फोनवर ब्रिज नाही, तिथे प्रोटॉनचंच अ‍ॅप वापरायचं. ज्यांचं सगळं काम फोनवरच्या दुसऱ्या एखाद्या मेल अ‍ॅपवर चालतं, त्यांनी आधी हा विचार करावा.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे. प्रोटॉनवरून प्रोटॉनवर गेलेलं पत्र दोन्ही टोकांना बंद राहतं. माझी गिऱ्हाईकं मात्र जवळजवळ सगळी जीमेलवर. मी कितीही जाड कुलूप लावलं तरी पत्राची एक प्रत तिकडे उघडीच. यावर उपाय आहे: बाहेरच्या माणसाला पासवर्डवालं मेल पाठवता येतं, त्याला दुवा जातो आणि पासवर्ड टाकला की पत्र उघडतं. सटाण्याच्या एका काकांना मी तसं पाठवलं, पासवर्ड फोनवर सांगायचं ठरवून. त्याआधीच त्यांचा फोन: "मॅडम, तुमच्या नावाने कुणीतरी लिंक पाठवलीय, पासवर्ड मागतंय. पोरगा म्हणतो दाबू नका." पोरगा शहाणा! त्यानंतर मृत्युपत्रासारखे नाजूक कागद असले की मी आधी फोन करते, मग पाठवते.

गोपनीयतेबद्दल भोळं राहू नका. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनने फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, नोंदवून दिला होता. पत्रातला मजकूर त्यांना देता येत नाही, पण बाकीच्या खुणा कायद्याने मागितल्या की द्याव्या लागतात. आणि आपल्याकडची गोष्ट वेगळीच. २०२४ मध्ये चेन्नईच्या शाळांना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या आणि तमिळनाडू पोलिसांनी ही सेवाच बंद करायची मागणी केली. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तर केंद्र सरकारला प्रोटॉन मेल बंद करण्याची कारवाई करायला सांगितलं. कारण एका कंपनीतल्या महिलेबद्दल तिथून गेलेली अश्लील मेलं. माझं टपाल अजून रोज येतंय. पण बातमी वाचली त्या दिवशी मी शांत राहिले ते कुलपामुळे नाही, डोमेनमुळे. उद्या हा पोस्टमन बंद झाला तर एमएक्सच्या दोन ओळी बदलून टपाल दुसरीकडे वळवीन, गिऱ्हाइकाला पत्ता तोच. जुन्या पत्रांची एक प्रत थंडरबर्डमधून घरच्या डिस्कवर उतरवलेली आहेच. म्हणून कुणी विचारलं, की दोन्हींपैकी एकाचेच पैसे आहेत, काय करू, तर मी आधी डोमेन घ्या म्हणते.

त्या डोमेनला मात्र जिवापाड जपा. मुदत संपली आणि दुसऱ्याने उचललं तर तुमची पत्रं त्याच्या घरी जातील. मी ५ वर्षांचे भरून टाकले. डोमेनवाल्या कंपनीकडच्या खात्याला मी मुद्दाम जुनं जीमेलच ठेवलं आहे. घराची किल्ली त्याच घरात ठेवून दार ओढून घ्यायचं नसतं. प्रोटॉनचा पासवर्ड विसरून नवा केला तर जुनी पत्रं उघडत नाहीत. त्यासाठी ते १२ इंग्रजी शब्द देतात, ते कागदावर लिहून ठेवायचे. माझा कागद गोदरेजच्या कपाटात, सासूबाईंच्या पाटल्यांशेजारी. "सोन्यापेक्षा मेल महाग झालं का?" असं ह्यांनी विचारून झालंय.

नव्या पत्त्याची २०० कार्डं छापायला टाकली, तेव्हा छापखान्यातल्या दादांनी मजकूर दोनदा वाचला, पेन्सिल उचलली आणि म्हणाले, "मॅडम, शेवटी जीमेल डॉट कॉम राहिलं ना? टाकून देतो."