कारखान्यातून थेट गाडी: ५२,९५० युरो गेले, गाडी नव्हतीच

गाडी जर्मनीतल्या कारखान्यात जाऊन स्वतः ताब्यात घ्यायची, आठवडाभर युरोपात फिरवायची, मग कंटेनरमध्ये चढवून भारतात आणायची आणि नागपुरात नवी गाडी म्हणून एमएच ३१चा नंबर लावायचा. ही योजना तुम्हाला कोणी विकत असेल तर पुढचं काहीही ऐकून घेऊ नका. आपल्या आयात धोरणात नव्या गाडीची अट स्पष्ट लिहिलेली आहे: भारतात येण्याआधी ती कुठल्याही देशात वापरासाठी नोंदवलेली नसावी. जर्मनीत रस्त्यावर गाडी काढायची तर एक्स्पोर्टची नंबरप्लेट लागते, म्हणजे नोंदणी आलीच. नोंदणी झाली की ती आपल्याकडे जुनी गाडी, आणि जुन्या गाडीचे नियम वेगळे, जास्त कडक. जे विकलं जातंय ते मुळातच होण्यासारखं नाही. आमच्या घरचे ५२,९५० युरो आणि वर २,५०,००० रुपये गेल्यानंतर एका कस्टम हाउस एजंटने हे फोनवर एका दमात सांगितलं. पैसे भरायच्या आधी एकाही माणसाने सांगितलं नाही.

कारखान्यातून गाडी घेण्याची पद्धत जगात आहे, म्हणूनच यावर विश्वास बसतो. म्युनिकला बीएमडब्ल्यू वेल्ट आहे, वोल्फ्सबुर्गला फोक्सवागनचं ऑटोश्टाट आहे. तिथे लोक येऊन नव्या गाडीच्या किल्ल्या घेऊन जातात. अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी बीएमडब्ल्यूची युरोपियन डिलिव्हरी योजना कित्येक वर्षं चालली, २०२० मध्ये बंद झाली. मध्यस्थ असल्या जुन्या योजनांचीच माहितीपत्रकं दाखवतात. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं असतं, फक्त ते नागपूरच्या माणसासाठी कधीच नव्हतं.

हिशोब असा. बुकिंगचे २,५०,००० रुपये मध्यस्थाच्या इथल्याच चालू खात्यात. गाडीची किंमत ४६,९०० युरो, कर वगळून. त्यातले ३० टक्के, म्हणजे १४,०७० युरो, ‘उत्पादनाचा स्लॉट पक्का’ करायला. उरलेले ३२,८३० युरो ‘गाडी लाइनवरून उतरली’ म्हणून. मग एक्स्पोर्ट प्लेट आणि विम्याचे १,८५०. शेवटी ४,२०० युरो ‘परत मिळणारी कस्टम अनामत’. १ युरो १०४ रुपये धरला तर एकूण ५५,०६,८०० रुपये, आणि बुकिंगचे अडीच लाख वेगळे. शेवटचे दोन हप्ते नीट पाहा. मोठी रक्कम अडकली की माणूस ती सोडवण्यासाठी छोटी रक्कम देतो, हे त्यांना पक्कं माहीत असतं. गाडी तयार झाल्यावर आधी कधीच न सांगितलेला खर्च निघाला, तर तो खर्च नसतो. एक रुपयाही देऊ नका.

डोळे मिटून पैसे पाठवले, असं कोणी म्हणू नये. बिलावरच्या डीलरचं नाव जर्मनीच्या व्यापारी नोंदवहीत, हांडेल्सरेगिस्टरमध्ये, त्याच नंबरने सापडलं. डीई आणि पुढे ९ आकडे असा व्हॅट नंबर युरोपीय आयोगाच्या तपासणी पानावर चालू निघाला. पत्ता खरा, शोरूमचे फोटोही खरे. सगळं खरं होतं कारण ते दुसऱ्याचं होतं. खऱ्या डीलरचं बिल उचलून त्यातला ईमेल आणि बँक खातं तेवढं बदललेलं होतं. ईमेलच्या पत्त्यात एक आडवी रेघ जास्त होती. त्यामुळे नोंदवही तपासली म्हणजे काम झालं असं समजू नका. बिलावरचा फोन नंबर वापरूच नका. डीलरचा नंबर दुसरीकडून मिळवून फोन करा आणि बिल नंबर, रक्कम, खात्याचे शेवटचे चार आकडे त्यांच्याकडून वदवून घ्या.

आता तो कागद. ३२,८३० युरोचं बिल, ए-फोर आकाराचं एक पान. खाली बारीक अक्षरात तीन ओळींमध्ये बँकेचा तपशील. आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, सुरुवात एलटीने. जर्मनीतल्या खात्याचा आयबॅन डीईने सुरू होतो आणि एकूण २२ अक्षरांचा असतो. एलटी म्हणजे लिथुआनिया, आणि तो २० अक्षरांचा. डीलर जर्मनीचा, कारखाना जर्मनीचा आणि पैसे लिथुआनियातल्या खात्यात. पहिल्या बिलावर खातं दुसरंच होतं. ते का बदललं, तर म्हणे ‘एक्स्पोर्टसाठी आमचं वेगळं खातं असतं’. त्याच पानावर चेसिस नंबर. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. या नंबरात आठव्या जागी ओ होता. शून्य नव्हे, गोल गरगरीत ओ. शेजारच्या शून्याशी ताडून पाहिलं तर फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. म्हणजे अशी गाडी जगात कुठेच बनलेली नव्हती. हा कागद घरात पाहिला गेला, बँकेतल्या टेबलावर पाहिला गेला, नंतर तक्रारीला जोडून तीन ठिकाणी दिला गेला. त्या एका अक्षरावर कोणाचंही बोट थांबलं नाही, आणि याची चीड अजून जात नाही.

खरा डीलर आणखी एका गोष्टीवरून ओळखता येतो. युरोपाबाहेर जाणाऱ्या गाडीवर जर्मनीचा १९ टक्के व्हॅट लागत नाही, पण गाडी खरोखर बाहेर गेल्याचा कस्टमचा पुरावा हाती येईपर्यंत डीलर धोका पत्करत नाही. गिऱ्हाईक स्वतः गाडी चालवत नेणार असेल तर तो १९ टक्के रक्कम बहुधा अनामत म्हणून ठेवून घेतो आणि निर्यातीचा शिक्का आल्यावर परत करतो. इथे मात्र पहिल्या दिवसापासून कर वगळलेली किंमत आणि व्हॅटच्या अनामतीचा उल्लेखही नाही. स्वस्त पडतंय म्हणून आनंद झाला होता.

सीमाशुल्काचा आकडा तर सरळ खोटा होता. मध्यस्थाने ‘सगळं मिळून १८.५ लाख’ असं लिहून दिलं आणि सोबत ब्रिटनशी झालेल्या व्यापार कराराची बातमी जोडली. तो करार २४ जुलै २०२५ला सही झाला, पण सही झाली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून दर उतरत नाही, सवलतीला गाड्यांचा कोटा आहे, आणि मुख्य म्हणजे गाडी ब्रिटनमध्ये बनलेली असावी लागते. जर्मनीच्या गाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. आमच्या व्यवहाराच्या वेळचा खरा हिशोब असा: ४०,००० डॉलरच्या वरच्या गाडीला ७० टक्के मूळ शुल्क आणि ४० टक्के कृषी अधिभार, मिळून ११० टक्के, या सगळ्या बेरजेवर ४० टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. ४६,९०० युरोची गाडी म्हणजे ४८,७७,६०० रुपये. शुल्कासकट १,०२,४२,९६०. आयजीएसटीसकट १,४३,४०,१४४, आणि यात जहाजाचं भाडं धरलेलंच नाही. कॅल्क्युलेटरवर होणारं गणित आहे, ते स्वतः करा. शिवाय स्टिअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, आणि गाडीला मोटार वाहन नियम १२६खालची मान्यता हवी. २०१८ मध्ये वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत या मान्यतेतून सूट मिळाली ती उत्पादकाला आणि त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला, तुम्हाआम्हाला नाही. ‘अजनीच्या कंटेनर डेपोतच सोडवून देतो’ असं म्हणाला तर नव्या गाड्यांच्या आयातीसाठी ठरवून दिलेल्या बंदरांची यादी मागा आणि त्यात नागपूरचं नाव दाखव म्हणा.

बँकेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. परदेशात पैसे पाठवताना ए-टू फॉर्म भरावा लागतो, त्यात कारण लिहायचं असतं. मध्यस्थाने फॉर्म भरूनच पाठवला होता, कारण ‘प्रवास’. ‘गाडी घ्यायला जाणारच आहात, हेच लिहितात.’ बँकेतल्या टेबलावरूनही कोणी हरकत घेतली नाही. प्रवासाचे पैसे हॉटेलला जातात, विमान कंपनीला जातात. मोटारींच्या डीलरच्या नावाने लिथुआनियातल्या खात्यात ३२,८३० युरो प्रवासासाठी जातात का? शिक्का मारणाऱ्याला एवढं विचारता आलं नाही? फसवणाऱ्याला हेच कारण का हवं असतं तेही समजून घ्या. पैसे आयातीची आगाऊ रक्कम म्हणून गेले असते तर बँकेने करार मागितला असता आणि पुढे बिल ऑफ एंट्रीसाठी, म्हणजे माल देशात आल्याच्या कस्टमच्या कागदासाठी, मागे लागली असती. प्रवास लिहिलं की कोणी काही मागत नाही. आता बँकेचं उत्तर ठरलेलं आहे: फॉर्मवर सही तुमची आहे. पैसे परत मागवण्याच्या विनंतीचे १,१८० रुपये मात्र तत्परतेने कापले, आणि समोरच्या बँकेकडून उत्तर नाही एवढं सांगून मोकळे झाले. युरोपात ऑक्टोबर २०२५पासून युरोच्या हस्तांतरणात खातेदाराचं नाव जुळतं का ते बँका तपासतात, पण ती सोय तिथल्या तिथे. नागपूरहून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून, गेलेल्या पैशाला बहुधा आयबॅन बरोबर असला की पुरतं, नाव काहीही असो.

पोलिसांकडची गोष्ट याहून वाईट. एका ठिकाणी म्हणाले ऑनलाइन आहे, सायबरला जा. तिथे म्हणाले स्थानिक मध्यस्थ आहे, लेखी करार आहे, म्हणजे आर्थिक गुन्हा. तिसऱ्या टेबलावर ‘हे तर दिवाणी स्वरूपाचं दिसतं, वकील लावा’. बनावट बिल, बनावट चेसिस नंबर, दुसऱ्या कंपनीच्या नावाने व्यवहार, आणि हे दिवाणी कसं? पैसे परदेशात गेले म्हणून हात वर करणाऱ्यांना अडीच लाख याच शहरातल्या खात्यात गेलेत हे ओरडून सांगावं लागलं. ते खातं गोठवेपर्यंत त्यात काही उरलं नव्हतं. मध्यस्थाच्या पावतीवरचा जीएसटी नंबर २७ने सुरू होणारा, महाराष्ट्राचाच. पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली. हे पाहायलाही कोणी संगणक उघडला नाही. वर प्रत्येक जण विचारतो, ‘इतके पैसे पाठवलेच कसे?’ लाजेने लोक तक्रारच करत नाहीत ती याच प्रश्नामुळे.

तोंडी तक्रार करूच नका. लेखी द्या, भारतीय न्याय संहितेची कलमं ३१८(४) आणि ३१९(२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी लिहून द्या, पोच घ्या. हद्दीचं कारण सांगितलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३चा उल्लेख करा. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. नकार मिळाला तर तीच तक्रार टपालाने वरिष्ठांना, आणि तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. देशातल्या खात्यात गेलेल्या रकमेसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब, त्याच तासात फोन.

परदेशी रकमेसाठी बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागून घ्या (नोव्हेंबर २०२५पर्यंत ती एमटी १०३ असायची). त्यावरचा यूईटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, असला की पैसे कुठवर पोचले ते शोधता येतं. ती प्रत आणि पोलिसांची पोच समोरच्या बँकेच्या फसवणूक विभागाला स्वतः ईमेल करा, आपल्या बँकेवर विसंबू नका. जर्मनीत राज्यांच्या पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ज्याचं नाव चोरलंय त्या डीलरलाही कळवा, त्याचीही तक्रार जोडली जाते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

एक रक्कम मात्र बुडालेली नाही. परदेशात पाठवलेल्या पैशावर बँकेने १० लाखांच्या वर २० टक्क्यांनी आगाऊ कापलेला कर, म्हणजे टीसीएस, आमच्या बाबतीत ९,०१,३६० रुपये, तुमच्या पॅनवर २६एएस या करखात्याच्या उताऱ्यात दिसतो आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. सीएला आठवण करून द्या.

आणि तक्रार केल्यावर थोड्याच दिवसांत एक ‘लिथुआनियाचा वकील’ फोन करेल. खातं गोठवलंय, १,२०० युरो शुल्क भरा, सगळे पैसे सोडवतो. त्याच्याकडे तुमच्या बिलाची प्रत असेल, अचूक रक्कम असेल. ती त्याला कोणी दिली हे विचारा, आणि तो नंबर पोलिसांच्या कागदात जोडा.