खासगीत केलेली जातीवाचक टिप्पणी : सोडून द्यावी की चौकशी लावावी?

समजा, यवतमाळकडच्या एखाद्या गावात जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पारधी पोरांबद्दल नको ते लिहिलं आणि त्याचा स्क्रीनशॉट गावभर फिरला.

सोडून द्या म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ॲट्रॉसिटी कायद्यातही जाणूनबुजून केलेला अपमान लोकांसमक्ष झालेला असावा लागतो. चार भिंतींआड, बाहेरचं कोणी नसताना बोललेलं त्यात बसत नाही, असं कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं. शिवाय स्क्रीनशॉट फिरवणाऱ्याचा हेतू दरवेळी न्यायाचाच असतो असं नाही. गावातलं जुनं वैरही असू शकतं.

तरी मी चौकशीच्या बाजूनं आहे. गुन्हा होत नाही म्हणजे नोकरीला बाध येत नाही, असं थोडंच आहे? इंग्रजांनी पारध्यांवर मारलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्यानं पुसला. वर्गात पेन हरवला की आधी कुणाचं दप्तर तपासायचं, हे मात्र आजही गुरुजीच ठरवतात. त्या पोराला दुसरी शाळा कुठे? पुढचं गाव लांब, एसटीचा भरवसा नाही.

पण मोर्चा आला म्हणून त्याच दिवशी निलंबन नको. आधी नोटीस द्या, त्यांचं म्हणणं ऐका, वर्गातली वागणूक तपासा, पालकांना विचारा. तिथं भेदभाव सापडला तर कडक शिक्षा. नाही सापडला तर लेखी ताकीद.

हेच शब्द किराणा दुकानदारानं खासगीत लिहिले असते, तर त्याच्या धंद्यावर घाला घालावा असं मी म्हणणार नाही.