सेंद्रिय शेतीचं ट्रेनिंग घेऊन आठ महिने झाले, एक आख्खा पावसाळा काढून लिहितेय

मे महिन्यात गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाळपईकडच्या गटातल्या बायकांनी सहा दिवसांचं सेंद्रिय शेतीचं ट्रेनिंग घेतलं. तेव्हाच लिहिणार होते, पण म्हटलं एक पावसाळा जाऊ दे, सत्तरीत शेतीबद्दल काही सांगायचं तर पावसाळा काढल्याशिवाय सांगू नये. आमचं थोडं कुळागर, म्हणजे मिश्र बागायत आहे, पोफळी (सुपारीची झाडं), माड, केळी, मिरवेल, आणि वरती मोरडाचा, म्हणजे उताराच्या जमिनीचा एक तुकडा, तिथे चवथीच्या आधी तवशी (काकड्या), दोडकी, भेंडी, चिबूड करतो.

आधी चांगलं सांगते. जीवामृत, म्हणजे जमिनीला द्यायचं शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, हाताने करायला शिकवलं हे फार बरं झालं. २०० लिटरच्या ड्रमात पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांची ही पद्धत आता सगळ्यांना पाठ असते, पण पाठ असणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी ड्रमावर फेस आलाय, आंबूस-गोड वास येतोय हे स्वतः बघणं वेगळं. आमची गाय गावठी आहे, पांढरी. गोव्याच्या या पांढऱ्या गाईला श्वेत कपिला म्हणून २०२० साली देशी जात अशी नोंद मिळाली, हे मला ट्रेनिंगमध्येच कळलं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दूध कमी देते म्हणून सगळ्यांनी विकल्या, आता कळतंय होय!" एका गाईवर आमचं सगळं शेत भागतं.

आता अडचण. वर्गात शिकवणाऱ्यांनी जे वेळापत्रक दिलं ते कोरड्या मुलखातलं होतं. महिन्यातून दोनदा जीवामृत द्या, असं लिहून दिलेलं, मी जूनमध्ये दिलं, जुलैमध्ये दिलं, आणि दोन्ही वेळा रात्रीत असा पाऊस कोसळला की सकाळी मोरडावरून तांबडं पाणी खाली ओढ्याला चाललेलं. गूळ, बेसन, चार दिवसांची मेहनत सगळी त्याच्याबरोबर. आमची जमीन जांभ्याची, उताराची, तिथे पातळ काही टिकतच नाही.

पण माझं खरं दुःख कोळेरोगाचं आहे, पावसात कोवळी सुपारी गळवणारा रोग. वर्गात एका सरांनी ठासून सांगितलं की मोरचूद (कॉपर सल्फेट) म्हणजे रसायन, सेंद्रिय करायचं तर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याची फवारणी, बंद, त्याऐवजी आंबट ताक मारा. मी ऐकलं. सासरे नको म्हणत असताना ओढ्याकडच्या चाळीस पोफळींवर गडी चढवून ताक मारलं, बाकीच्यांवर त्यांनी नेहमीसारखं बोर्डो मारून घेतलं. जुलै संपता संपता ओढ्याकडे कोवळी सुपारी गळायला लागली. देठाकडे पाणी भरल्यासारखा काळपट डाग, आणि खाली पडलेल्या सुपारीवर दोन दिवसांत पांढरी बुरशी. रोज सकाळी टोपली घेऊन वेचायला जायचे, कारण पडलेली तिथेच ठेवली तर रोग आणखी पसरतो, आणि प्रत्येक टोपलीला जीव तुटायचा. वर्षाचा पैसा असतो तो. सासरे एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

ऑगस्टमध्ये त्याच ट्रेनिंगमधले दुसरे एक भाऊ पाहणीला आले, भर पावसात, छत्री बाजूला ठेवून कुळागरात दोन तास फिरले, आणि मला विचाराल तर माझं ट्रेनिंग त्या दिवशी झालं. त्यांनी सांगितलं की सेंद्रियच्या नियमात बोर्डोला मर्यादेत परवानगी आहे, तांबं मातीत साठत जातं म्हणून मर्यादा, त्यामुळे किती मारलं ते वहीत लिहायचं. मग माझ्याकडूनच करून घेतलं. १ किलो मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओतायचं, उलटं नाही. आकाशासारखा निळा रंग येतो. मग घासून लख्ख केलेला कोयता त्यात बुडवला, बाहेर काढला तर पात्यावर तांबूस थर. "बघा वहिनी, अजून चुना हवा." थोडा चुना घातला, पुन्हा बुडवला, पातं स्वच्छ. हे मला कुठल्याच कागदावर दिसलं नव्हतं. पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी आणि दुसरी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप बघून, हेही तेव्हाच नीट समजलं.

मोरडासाठी त्यांनी पावसात पातळ जीवामृत बंद करून घनजीवामृत करायला लावलं, शेणात गूळ-बेसन मिसळून सावलीत सुकवलेलं, ते बुंध्याशी घालून वर झावळ्या, केळीची पानं, मेरेवरच्या (बांधावरच्या) गिरीपुष्पाचा पाला अंथरायचा. सप्टेंबरात झावळी उचलून बघितली तर खाली माती काळी, भुसभुशीत आणि गांडुळं, इतकी की सासूबाईंना हाक मारून दाखवली. दोडक्यात आणि तवशात फळमाशीच्या अळ्या व्हायच्या, त्याला क्यू ल्यूरचे, म्हणजे वासाने नर माश्या ओढून घेणारे सापळे लावले, किडकी फळं कमी झाली, पण आम्ही उशिरा लावले, फुलावर येतानाच लावायला हवे होते.

विक्रीचा भाग ट्रेनिंगमध्ये सगळ्यात कच्चा. पीजीएसचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानेच द्यायचं सेंद्रियचं सर्टिफिकेट कसं मिळतं ते अर्ध्या तासात उरकलं. किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि आपणच एकमेकांची शेतं तपासायची असतात, इतकं कळलं, पण वही कशी भरायची ते कोणी दाखवलं नाही, आम्ही बायकांनी बसून तीनदा खोडून लिहिली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी नेली तर गिऱ्हाईक विचारतं, खत घातलं नाही कशावरून? मी वही दाखवते, काही जण वाचतात, घेतात, आणि पुढच्या शुक्रवारी परत येतात.

कोणी घ्यायचा विचार करत असेल तर नक्की घ्या, पण नाव घालायच्या आधी एवढं विचारा की पावसात तुमचं माणूस आमच्या शेतात किती वेळा येणार. आमच्याकडे आठ महिन्यांत दोनदा आलं. दुसऱ्यांदा नोव्हेंबरात, तेव्हा वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या पिकाच्या) मळ्यात अळसांद्याची (चवळीची) ओळ घालून दिली. ती आता फुलावर आहे, आणि ओढ्याकडच्या चाळीस पोफळींसाठी मोरचूद मी या वेळी मार्चमध्येच आणून ठेवणार आहे.