नीटसाठी दादरचा क्लास की घरी एनसीईआरटी?

नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे, आणि त्याचे प्रश्न बहुतेक एनसीईआरटीच्या (अकरावी-बारावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकांच्या) ओळींवरच बेतलेले असतात. त्यासाठी डोंबिवलीहून दादरला रोज लोकलने लोंबकळत जाणं मला तरी पटत नाही. पुस्तक चार-पाच वेळा वाचा, आकृत्या हाताने काढा, काम होतं.

भौतिकशास्त्राचं मात्र तसं नाही. गणित अडलं की समोर विचारायला कुणीतरी लागतं, आणि तिथे क्लास पैसे वसूल करतो. फी लाखांत असते, म्हणून आधी डेमो लेक्चरला बसा, एका बॅचमध्ये किती मुलं ते मोजा, हप्ते आणि परताव्याचे नियम लेखी घ्या. भिंतीवरच्या टॉपर्सच्या फोटोंवर जाऊ नका.

घरी करणाऱ्यांनी टेस्ट सिरीज तरी लावावीच. १८० मिनिटांत १८० प्रश्न, चुकलं की एक गुण वजा. हा सराव नुसत्या वाचनाने होत नाही.

जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात, पण २०२४ पासून अभ्यासक्रम कापला गेलाय. पचनसंस्थेचा धडाच गेला. आधी एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) यादी ताडून बघा. बालभारती बारावीच्या बोर्डापुरती हाताशी असू द्या.