हार्वर्ड–येल की लाफायेत–लीहाय?

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन विद्यार्थिजीवनावरील निबंधासाठी कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलमधले कोणते वैर निवडावे, हार्वर्ड–येल की लाफायेत–लीहाय, असा प्रश्न एका विद्यार्थिनीपुढे आहे. दोन्हीकडचे अभिमानी आपलाच सामना थोर म्हणतात. ते बाजूला ठेवू. वयाने हार्वर्ड–येल मोठे: पहिला सामना १८७५ चा, दुसऱ्या जोडीचा १८८४ चा. सातत्यात मात्र चित्र उलटते. १८९४ मध्ये स्प्रिंगफील्डला इतकी हाणामारी झाली की पुढची दोन वर्षे हार्वर्ड–येल सामनाच झाला नाही. ईस्टनचे लाफायेत आणि बेथलेहेमचे लीहाय ही पेनसिल्व्हेनियातील शेजारगावांची कॉलेजे मात्र त्या शतकात पहिल्या सामन्यापासून १८९६ वगळता दरवर्षी भिडत राहिली. तो खंडही बोलका आहे, कारण लाफायेतचा जॉर्ज बार्कले पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता आणि त्याच्या पात्रतेवर लीहायने हरकत घेतली. हौशी खेळाडू कोणाला म्हणायचे, हा त्या काळचा खरा वाद या एका माणसात सापडतो. नियमांच्या बाबतीत तुलनाच नको; संघात अकरा खेळाडू आणि स्क्रिमेज (चेंडूचा ताबा एका संघाकडे ठेवून प्रत्येक डाव सुरू करण्याची पद्धत) हे १८८० चे बदल येलच्या वॉल्टर कॅम्पने घडवून आणले. खेळाची घडण मांडायची असेल तर हार्वर्ड–येल, आणि लहान गावांतल्या कॉलेजांची आपसांतली चुरस मांडायची असेल तर लाफायेत–लीहाय घ्यावे.