तीनदा पडलो, थ्रॉटल मात्र ढिलाच

नातवाच्या हट्टापायी कुडाळात स्टँडमागच्या त्या फायटर विमानाच्या सिम्युलेटरवाल्याकडे गेलो. वीस मिनिटांचे 150 रुपये. माझी उमेदीची वर्षं गोव्याला, नौदलाच्या आयएनएस हंसा या हवाई तळावर सी हॅरियर या लढाऊ विमानांच्या डागडुजीत गेली. ती विमानं 2016 साली निवृत्त झाली, मी त्याच्या आधीच. सांगायचं कारण, कॉकपिट मला परकं नाही.

खुर्ची, पेडल झकास. पण थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा ढिला. अर्ध्यावर सोडला की आपसूक मागे सरकतो. पोराला सांगितलं तर म्हणतो, "आजोबा, तो तसोच आसा."

खरी मजा एआयशी लढण्यात. मी वळतो न वळतो तोच हा नाकासमोर येऊन गोळ्या झाडतो. तीनदा पडलो. 2020 साली अमेरिकेत डार्पा या लष्करी संशोधन संस्थेच्या स्पर्धेत हेरॉन सिस्टिम्स कंपनीच्या एआयने एफ-16 च्या वैमानिकाला सिम्युलेटरवर असंच 5-0 हरवलं होतं. असा समोरून मारा सरावात वैमानिकांना मना असतो, टक्कर होईल म्हणून. यंत्राला कसली धास्ती? शिवाय समोरच्या विमानाची अचूक जागा त्याला आयतीच कळत होती. खऱ्या आकाशात तसं कोण सांगतंय! तरी 2024 मध्ये अमेरिकी हवाई दलाचे मंत्री केंडल एआय उडवत असलेल्या एक्स-62ए या चाचणीच्या विमानात बसून आले, तेव्हा हा नुसता खेळ उरलेला नाही.

पंखा एकच, तोही मालकाच्या डोक्यावर. पाचात तीन तारे. नातू शनिवारी पुन्हा जाणार म्हणतोय, माझ्याच पैशांनी.