बर्फ फोडणाऱ्या जहाजाचं सिम्युलेशन: आठ महिने डीईएम वापरल्यावर

कोथरूडला घरच्या पीसीवर गेले आठ महिने बर्फातून जहाज चालवतोय. डीईएम, म्हणजे डिस्क्रीट एलिमेंट मेथड. बर्फाचा थर म्हणजे बाँडने एकमेकांना चिकटवलेले हजारो गोळे, ताण झेपला नाही की बाँड तुटतो, बस.

पहिले तीन महिने माझा बर्फ चुकीचाच फुटत होता, नाळेसमोर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकासमोर, नुसता भुगा व्हायचा. खरं आइसब्रेकर तसं करत नाही, त्याची नाळ तिरकी असते, ती बर्फावर चढते आणि वजनाने त्याला खाली वाकवून मोडते, कारण बर्फ दाबाला दणकट पण वाकवला की कच्चा. लोणावळ्याची चिक्की आधी तळहाताने दाबून बघा, मग वाकवून बघा, तसंच. माझी चूक ही की बर्फाची वाकण्याची ताकद, साधारण ५०० किलोपास्कल, मी सरळ बाँडला देऊन टाकली. बाँडची ताकद वेगळी असते, गोळ्यांच्या साईझवर आणि रचनेवर बदलते. आधी बर्फाची एक पट्टी करा, दोन टेकूंवर ठेवून मधे दाबून मोडा, आकडा जुळेपर्यंत बाँड बदला आणि मगच जहाज आणा. हे केलं त्या रात्री पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी चंद्रकोरीसारखे तुकडे निघाले, मी रात्री दोनला आईला उठवून दाखवले!

थराच्या कडा बांधून ठेवा, नाहीतर अख्खा थर जहाजापुढे सरकत जातो.

वेळ मात्र भयंकर लागतो. गोळ्याचा व्यास अर्धा केला की गोळे आठपट आणि टाईम स्टेप (हिशोबातला वेळेचा एक टप्पा) हीही अर्धी, म्हणजे काम सोळापट. माझा एक रन चार दिवस चालतो, आणि आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, दोनदा सगळं पाण्यात गेलं. तेव्हापासून दर तासाला रिस्टार्ट फाईल (थांबलं तिथून पुढे चालू करता येईल अशी) लिहितो, तुम्ही पहिल्या दिवसापासून लिहा.

आकडे मी लिंडक्विस्टच्या १९८९ च्या सूत्राशी ताडतो, बर्फ जहाजाला किती विरोध करतो ते त्यातून निघतं. त्यात चुरडणं, वाकवणं आणि तुकडे पाण्याखाली दाबणं असे तीन भाग आहेत. माझा विरोध कमीच येतो, कारण पाणी मी फक्त उत्प्लावन आणि ड्रॅग (पाण्याचा अडथळा) एवढंच धरलंय. शिवाय तुकडे जहाजाच्या हलखालून, म्हणजे तळाखालून, घासत जातात, तिथलं घर्षण ०.०५ वरून ०.१५ केलं की उत्तर बरंच हलतं. म्हणून दोन नाळींची तुलना करायला मी डीईएमवर विसंबतो, इंजिनाची पॉवर ठरवायला अजून नाही. सध्या नाळ जास्त उभी करून नवा रन लावलाय, शुक्रवारी सकाळी सुरू केला.